बाई, तुमचा पदर खोचलेला होता

बाई, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी वरण वाढत होते. शेजारच्या गावचे एक पाहुणे, नाव घेत नाही, भाताचं आळं करत म्हणाले, "चुलीपाशी बायकांनी आंग सांभाळलं पायजे. एवढी जाणती बाई, अन् पदराचं भान नाई?" मी त्यांच्या पानात वरण ओतलं, पुढच्या पानाकडे गेले आणि तिथेच थांबले. डावातलं वरण जमिनीवर सांडत होतं, ते मला कळलंसुद्धा नाही. माझ्या सुमनच्या बाबांनी येऊन माझ्या हातातला डाव घेतला.

तुमचंच अन्न खात होता तो माणूस. तुमच्याच नावाचं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रडणं कमी आणि संताप जास्त, असं झालं आहे. लोक म्हणतात, लहानी जाऊ मोठीचं फार मनावर घेऊन राह्यली. घेणारच. म्हणून तुमच्याशी बोलते आहे, आणि कारंजाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले त्या भाषेत लिहिते आहे. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "काय वं कारंजावाले, मास्तरासारखी बोलतं." म्हणा. मी थांबणार नाही.

मी या इंझोरीत लग्न होऊन आले त्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही मला चुलीसमोर बसवलं होतं. मला वाटलं, नव्या नवरीला आल्या आल्या कामाला लावतात. पण तुम्ही विस्तव घातलाच नव्हता. थंड चुलीपाशी बसवून माझा पदर हातात घेतलात, पाठीमागून फिरवून कमरेशी घट्ट खोचलात आणि म्हणालात, "आदी हे. मंग काडी. भाकर कच्ची राह्यली तं चालते, पदर मोकळा राह्यला तं चालत नाई." तुमची एक मावशी तुमच्या लहानपणी चुलीपाशी जळून गेली होती, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. तुम्ही ते एकदाच सांगितलंत, तेही सरकी निवडता निवडता, मान वर न करता.

अशा बाईला पदराचं भान नव्हतं म्हणे.

आपलं पटत होतं असं मी खोटं लिहिणार नाही. गेल्या दिवाळीपासून आपल्यात वेगळ्या चुलीवरून भांडण होतं. मला वेगळी चूल हवी होती. तुम्हाला वाटायचं, चूल वेगळी म्हणजे घर फुटलं. मी म्हणायची, घर नाही फुटत, फक्त माझं तिखट माझ्या हातात येतं. तुम्ही म्हणायच्या, "माह्या डोळ्यादेखत नाई. मी मेली की दहा चुली मांडजो." मग चार दिवस आपण एकमेकींशी सुमनच्या तोंडून बोलायचो. "मोठ्या मायले सांग, पीठ संपलं." "तुह्या मायले सांग, मले दिसते." आणि पाचव्या दिवशी दोघी एकाच जात्यावर. सुमनच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात तुम्ही माझ्या उशाशी बसून काढलेले दिवस मी विसरले नव्हते. तुमच्या पोटी मूल नव्हतं, पण माझी मुलगी तुमच्याच अंगावर झोपून मोठी झाली. भांडण एकीकडे आणि हे एकीकडे. दोन्ही खरं होतं. त्या भांडणाचा निकाल लागायचा होता अजून.

आणि मग तो साहेब आला.

अकोल्याहून शेतीऔषधांच्या कंपनीची जीप आली तेव्हा कापसाचा पहिला वेचा होऊन गेला होता. तुम्ही वावरात सीतादहीची, पहिल्या कापसाची, पूजा करून कापूस घरात आणला होता. दुसऱ्या वेच्याला बोंडं फुटत होती. दरवर्षीचं दुखणं तेच होतं: पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, पानं वाळतात, वेचताना चुरा होऊन कापसात अडकतात, आणि कारंजाच्या बाजारात अडत्या मूठभर कापूस हातात घेऊन म्हणतो, "यात पत्ती आहे." की भाव पडला. त्यासाठी साहेबानं औषध आणलं होतं. पानं गाळायचं औषध. पाण्यात कालवून फवारलं की आठवड्याभरात सगळी पानं झडतात, उरतात नुसत्या काड्या आणि त्यांवर पांढरी बोंडं. वेचायला सोपं, कापूस स्वच्छ. साहेब ओट्यावर बसून सांगत होता आणि तुमचे यजमान, म्हणजे माझे भासरे, मन लावून ऐकत होते. आपल्या वावरावर प्रयोग झाला तर चार गावची माणसं बघायला येतील, हेही साहेबानं सांगितलं. भासऱ्यांना ते आवडलं. का आवडू नये? कष्टाचं वावर होतं त्यांचं.

आपण दोघी दाराआड उभ्या होतो. तुम्ही आतूनच विचारलंत, "पानं तिकडच्या देशात काहून गाळतात, साहेब?"

साहेबानं आनंदानं उत्तर दिलं. परदेशात कापूस यंत्रानं वेचतात, यंत्राला पान आणि बोंड यातला फरक कळत नाही, म्हणून आधी पानं झाडावी लागतात.

"मंग आपल्याकडं मशीन कुठं हाये?" तुम्ही म्हणालात. "मशीन तं आमीच. अन् आमाले पान कोणतं अन् बोंड कोणतं ते समजते."

ओट्यावरची माणसं हसली. साहेबही हसला. "बाई हुशार आहेत हो तुमच्या," असं तो भासऱ्यांना म्हणाला आणि लगेच गड्याला सांगून जीपमधले डबे उतरवून घेतले. बाई, मी तो क्षण पुन्हा पुन्हा मनात बघते. तुमचं कौतुक झालं. उत्तर कोणी दिलं नाही.

भासऱ्यांनी एकच विचारलं, "जहर तं नाई ना?" साहेबानं डबा उघडला. आत पांढरा खडा, खडेमिठासारखा. त्यातला कणभर त्यानं जिभेच्या टोकाला लावला, बाजूला थुंकला आणि म्हणाला, "मीठच समजा. कीटकनाशकासारखं विषारी नाही हे. फक्त खाऊ नका." झालं. त्यापलीकडं त्यानं काही सांगितलं नाही. हात धुवा नाही, कपडे धुवा नाही, विस्तवाचा तर शब्दही नाही. पाण्याचं आणि मिठाचं माप सांगितलं, पंपाची नळी कशी लावायची ते सांगितलं, चहा घेतला आणि गेला.

भासरे आणि सुमनचे बाबा पंप चालवायचे. तुम्ही विहिरीवरून पाणी आणायच्या, टाक्यात मीठ कालवायच्या, जुन्या लुगड्याच्या धडप्यानं गाळून पंपाच्या बादलीत ओतायच्या, कारण खडा अडकला की तोटी बंद पडायची. पहिल्या दिवशी मीही होते. पाणी हातावर आलं की कातडी ओढल्यासारखी व्हायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या तांबड्या बैलानं टाक्याची कड चाटली. जनावराला मीठ आवडतं, त्याचा काय दोष. चांगलं मनसोक्त चाटलं त्यानं. दुपारी तो उभ्या उभ्या थरथरायला लागला, त्याची जीभ आणि हिरड्या मातकट काळ्या पडल्या, आणि दिवस कलायच्या आत तो आडवा झाला. भासरे त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. कोणीतरी सायकलवर जाऊन साहेबाला निरोप दिला. उलट निरोप आला की बैलानं कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले असतील, ते बाधतात, औषधाचा संबंध नाही.

"मीठ चाटून बैल मरत नाई," तुम्ही म्हणालात.

"साहेब म्हणते फुटवे खाल्ले," भासरे म्हणाले.

"साहेबानं बैल पायला का?"

भासऱ्यांनी बैलाच्या गळ्यातली दोरी सोडवली. त्यांनी शब्द दिला होता, अर्धं वावर फवारून झालं होतं, आणि शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तुम्ही नवऱ्याला आणखी टोचलं नाही. आत आलात आणि मला म्हणालात, "उद्यापासून तू वावरात येऊ नको. पोरीले घेऊन घरी राह्य."

मी विचारलं, "अन् तुमी?"

"मी काय, म्हातारी होऊन राह्यली. माही कातडी जाड हाये."

तुम्ही म्हाताऱ्या नव्हत्या, बाई. तुमच्या डोक्यात एक केस पांढरा नव्हता. तुम्हाला त्या मिठाचा संशय आला होता, आणि संशय आल्यावर तुम्ही मला बाजूला काढलंत आणि स्वतः गेलात. हे उपकार मी कोणत्या तोंडानं फेडू? फेडायला समोर तुम्हीच नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पंपाची नळी निसटली. सुमनचे बाबा सांगतात, पाण्याचा फवारा सरळ तुमच्या अंगावर आला आणि लुगडं कमरेपासून घोट्यापर्यंत चिंब झालं. तुम्ही पिळलंत आणि कामाला लागलात. उन्हात ते वाळलं. संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा मी अंगणातच होते. तुमचं लुगडं चालताना वाजत होतं. मी हात लावून बघितलं तर खळ दिल्यासारखं कडक, आणि निऱ्यांच्या घड्यांत पांढरी भुकटी बसलेली.

"बाई, लुगडं बदला," मी म्हटलं.

"बदलून काय? सकाळी आंघोळीच्या वक्ताले धुईन. मिठाचंच पाणी हाये." मग चुलीकडे बघून म्हणालात, "सरक. तुह्या भाकरी जाड होतात."

हे आपलं रोजचंच होतं. मी सरकले. तुम्ही पदर पाठीवरून फिरवून कमरेशी घट्ट खोचलात. मी बघितलं. समोर बसून बघितलं. हे मी कोणत्याही देवळात, कोणत्याही कोर्टात हात वर करून सांगेन.

चुलीत गेल्या सालच्या वाळलेल्या पऱ्हाट्या होत्या. पऱ्हाटी तडतडते, ठिणगी उडते, लुगड्यावर पडते, आपण बोटानं झटकतो. तिळाएवढं भोक पडतं. आपल्या दोघींच्या सगळ्या लुगड्यांना अशी भोकं होती. ती ठिणगी तुमच्या गुडघ्यावर पडली. तुम्ही झटकायला हात उचललात, पण हात खाली यायच्या आत फुस्स झालं. दिवाळीतल्या फुलबाजीसारखा आवाज. आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत पांढरा उजेड पळत गेला. कापूस पेटतो तेव्हा ज्योत पिवळी असते, वर चढते, माणसाला ओरडायला वेळ मिळतो. ही आग चढली नाही, ती एकदमच सगळीकडे होती.

मी कोपऱ्यातली गोधडी ओढली आणि तुमच्यावर टाकली, वर अंग टाकलं. झाकली की आग विझते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ही झाकून विझली नाही. गोधडीच्या आत ती फुसफुसत राहिली, जशी तिला वाराच नको होता. माझे तळहात भाजले तेव्हा मी ओरडले असेन. भासरे धावत आले आणि त्यांनी अख्खा रांजण उचलून ओतला. तेव्हा कुठं ती थांबली.

पुढचं मी फार लिहीत नाही. शेजाऱ्यांच्या बैलगाडीत तुम्हाला घालून कारंजाला दवाखान्यात नेलं. तुम्ही शुद्धीवर होत्या. सकाळी हवालदार आले. त्यांनी विचारलं, नवरा त्रास देत होता का? तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. सासरच्या कोणी पेटवलं का? नाही. स्वतः पेटवून घेतलं का? तुम्ही डोळे उघडून त्यांच्याकडे असं बघितलंत की ते खाली बघायला लागले. मग त्यांनी म्हटलं, "म्हणजे पदर चुलीत पडला."

"पदर खोचलेला व्हता," तुम्ही म्हणालात. "तसं लिहा."

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, स्वयंपाक करत असता निष्काळजीपणे पदर पेटून. मी शेजारी उभी होते, मला वाचता येतं. मी म्हटलं, "त्या पदर खोचलेला होता म्हणतात." ते म्हणाले, "बाई, मग आग कशानं लागली, तुम्हीच सांगा." माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. तुमच्याजवळही नव्हतं. तरी तुम्ही पुन्हा म्हणालात, "खोचलेला व्हता." मरणाच्या दारात उभी असलेली बाई एकच गोष्ट मागत होती, की माझ्यावर खोटा आळ घालू नका. तेवढीही त्यांना जड झाली.

दुपारी तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "आता तुले वेगळी चूल मांडाची गरज नाई, कारंजावाले." तुम्ही चेष्टा करत होत्या की मला मोकळं करत होत्या की दुखवत होत्या, मला अजून कळलेलं नाही. मी काही बोलायच्या आत तुम्ही डोळे मिटले होते. मला म्हणायचं होतं, नको मला वेगळी चूल, राहू द्या, माझ्या भाकरी जाडच असतात. ते राहूनच गेलं.

तुम्ही गेलात आणि त्या औषधानं मात्र दिलेला शब्द पाळला. वावरातली पानं झडली. एकही हिरवं पान उरलं नाही. काळ्या काड्यांवर पांढरा कापूस, लांबून बघावं तर चांदणं पडल्यासारखा. लोक बांधावर उभे राहून वाहवा करत होते. मला ते वावर बघवत नव्हतं.

तेरवीला माझा भाऊ आला होता, कारंजाच्या शाळेत शिकवतो तो. पाहुणे गेल्यावर मी गोठ्यात गेले. खुंटीवर तुमचा तो गाळायचा धडपा वाळत होता, पापडासारखा कडक, तुमच्या त्या लुगड्यासारखाच. मी त्याचा चिंधीएवढा तुकडा फाडला, अंगणात निखाऱ्यावर टाकला. तोच आवाज. तोच पांढरा उजेड. पापणी लवायच्या आत तुकडा नाहीसा झाला, राखसुद्धा उरली नाही. भाऊ धावत आला. डब्यातला खडा त्यानं बघितला, डब्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे क्लोरेट आहे. आगकाडीच्या गुलात असतं त्याच्याच जातीचं. कापडात भिनलं आणि वाळलं की ते कापड म्हणजे दारूगोळा. याला वाराही लागत नाही, स्वतःच्या पोटातला वारा घेऊन जळतं." म्हणून गोधडी हरली होती.

मी सुमनच्या बाबांना बोलावलं, त्यांनी भासऱ्यांना. त्यांच्यासमोर मी आणखी एक तुकडा टाकला. भासरे बघत राहिले आणि मग तिथंच मातीत बसले. "म्या तिले रोज त्या पाण्यात उभी केली," एवढंच म्हणाले. बाई, तुमचे यजमान वाईट नाहीत. त्यांना फसवलं गेलं. पण मी त्यांची समजूत घातली नाही. तेवढी माया त्या वेळी माझ्यात शिल्लक नव्हती.

पुढच्या आठवड्यात साहेब आला. सोबत आसपासच्या गावांतले शेतकरी, पंपाला घालायला झेंडूचा हार, आणि दुसऱ्या जीपमध्ये नवे डबे. भासऱ्यांजवळ येऊन त्यानं चेहरा पाडला आणि म्हणाला, "घरात दुःखद प्रसंग झाला असं कळलं. फार वाईट झालं." मग बांधावर चढून वावराकडे हात केला आणि लोकांना म्हणाला, "पण प्रयोग शंभर टक्के यशस्वी."

दोन वाक्यांमध्ये त्यानं श्वास घेतला नाही, बाई.

मी डोक्यावरून पदर घेतला आणि पुढे आले. भासऱ्यांसमोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं, तुम्ही तसं वळणच लावलं होतं. पण त्या दिवशी तुम्ही तिथं नव्हत्या, आणि तुमच्या वतीनं बोलायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या एका हातात खापरात निखारे होते. दुसऱ्या हातात दोन चिंध्या, एक घरातल्या जुन्या लुगड्याची, धुतलेली, आणि एक त्या धडप्याची.

"साहेब," मी म्हटलं, "हे पाहा."

धुतलेली चिंधी मी निखाऱ्यावर टाकली. ती काळी पडली, धुरकटली, कडेनं हळूहळू जळत राहिली. मग दुसरी टाकली. फुस्स झालं आणि पुढे उभी असलेली माणसं दोन पावलं मागं सरली. एकाच्या तोंडात विडी होती, त्यानं ती काढून पायाखाली चिरडली.

साहेब म्हणाला, "बाई, कापड तर पेटणारच."

"दोन्ही कापडंच होती," मी म्हटलं. "माही जाऊ दुसऱ्या कापडात जळाली. तुमी हे कोणाले सांगतलं होतं?"

साहेबानं जीपमधल्या डब्यांकडे बोट दाखवलं. मग जरा चिडून म्हणाला, "सूचना प्रत्येक डब्यावर छापलेली असते. औषध सांडलेले कपडे लगेच धुवावेत, विस्तवाजवळ जाऊ नये. कंपनी ते लिहून देतेच."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत असतं ते."

मी खापर खाली ठेवलं. "साहेब, माह्या जाऊले मराठीबी वाचता येत नव्हती. तुमाले दोन्ही येतात. तुमी ओट्यावर बसून चहा पेला, मीठ चाटून दाखवलं. ते दोन शब्द वाचून काहून नाई दाखवले?"

मला वाटलं होतं, त्याला माहीतच नसेल. अडाणीपणाला माणूस माफ करतो. पण त्याला माहीत होतं. डब्यावर काय आहे ते तो घडाघडा बोलला होता, पाठ असल्यासारखं. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही घाबरलो असतो, प्रश्न विचारले असते, कदाचित नको म्हटलं असतं, म्हणून त्यानं सांगितलं नाही. तुमचं मरण अपघात नव्हता, बाई. एका माणसाला नकार ऐकायचा नव्हता, एवढ्यासाठी तुम्ही गेलात.

भासरे तेव्हा पहिल्यांदा बोलले. मोठ्यानं नाही. "साहेब, आमच्या गोठ्यातले डबे उचला. अन् पंपावरचा हा हार काढा."

साहेबानं स्वतःच्या हातानं हार काढला. त्या दिवशी एकाही शेतकऱ्यानं डबा घेतला नाही.

एवढ्यावर न्याय झाला असं समजू नका. भासरे आणि मी ठाण्यावर गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, निखाऱ्यावरची चिंधी बघितली, कपाळावर आठ्या घातल्या आणि म्हणाले, "मग काय लिहू? मिठानं जळाली? वरचे साहेब हसतील मला. प्रकरण मिटलं आहे." तो औषधवाला साहेब आहे तिथंच आहे, त्याची जीप आहे तशीच फिरते. पंगतीतल्या त्या पाहुण्याला मी बाजारात गाठून सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "असन, असन. पण बाईनं जपावं, इतकंच माहं म्हनणं." मी काय करू या लोकांचं? पेटलेल्या बाईकडे बघून त्यांना पहिली चूक बाईचीच दिसते. पानं गाळायचं औषध आणणारा, विकणारा, चाटून दाखवणारा, लिहून घेणारा, सगळे शहाणे, आणि राखेत गेलेली तेवढी निष्काळजी. तुमच्या हातांनी आयुष्यभर पत्ती वेगळी आणि कापूस वेगळा केला. कोणाला वाटलं नाही की त्या हातांना काही विचारावं.

हे सगळं लिहून मी आवरणारच होते. पण काल आपल्याकडे वेचायला येते ती गोदा माहेराहून परतली आणि आधी आमच्याकडे आली. तिचं माहेर मानोऱ्याच्या बाजूला आहे. साहेब डबे घेऊन तिकडे गेला होता. तिनं तुमची हकीकत आधीच माहेरी सांगून ठेवली होती. पुरुष माणसं साहेबाचं ऐकत बसली होती, आणि वेचणाऱ्या बायका ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक वयस्क बाई पुढे झाली. गोदानं तिची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून.

"साहेब, आमी घेतो तुमचं औषध. पण आदी एक करा. तुमचा सदरा काढा, या पाण्यात भिजवा, उन्हात वाळवा अन् आंगात घाला. मंग आमच्या समोर बसून एक विडी ओढा."

कोणीतरी घरातून विडी आणून दिली. आगपेटीही दिली. साहेबानं त्या बायकांकडे बघितलं, मग पुरुषांकडे. पुरुषही त्याच्याकडेच बघत होते, तो काय करतो ते बघायला.

त्यानं विडी पेटवली नाही. गड्याला हाक मारली, डबे पुन्हा जीपमध्ये चढवायला लावले, आणि जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. मग त्यांनी कमरेला कापूस भरायच्या वट्या बांधल्या आणि हिरव्या पऱ्हाटीत वेचायला शिरल्या.